ब्रॅकनशॉच्या भिंतीआतली हवा

ब्रॅकनशॉ हॉल, उत्तर इंग्लंडातल्या खाणमालकांचा तो थोरला वाडा, पाडायला घेतला तेव्हा भिंती आधी गेल्या आणि जिना मागे राहिला. काही दिवस तो तसाच उघड्यावर उभा होता, वर कुठेही न जाणारा. ऑलिव्ह चार्लटन रोज सकाळी बागेच्या दारातून त्याच्याकडे एकदा बघायची आणि मान फिरवून कामाला लागायची. मग एका सकाळी तोही दिसला नाही.

हॉल पडला तो म्हातारा झाला म्हणून नव्हे. तो खचला. मालकांची सगळी श्रीमंती कोळशाची. ज्या आजोबांनी घर बांधलं त्यांनी घराच्या बरोबर खाली कोळशाचा एक भला मोठा चौथरा जमिनीच्या पोटात तसाच ठेवायला सांगितला होता. बाकी सगळीकडे खणा, एवढ्याला हात लावू नका. त्या चौथऱ्यावर घर उभं. नातवाच्या हाती कारभार आला तेव्हा त्याने तोही काढायला परवानगी दिली आणि आपण बायकोमुलांसकट दक्षिणेला निघून गेला. पुढच्याच वर्षी दारं चौकटीत अडकायला लागली. बिलियर्डच्या टेबलावर चेंडू ठेवला की आपसूक एका कोपऱ्यात जाऊन बसायचा. नाचघराच्या छताला भेग पडली, ती वाढत वाढत भिंतीवरून जमिनीपर्यंत उतरली. मग घर पाडणारे आले.

राहिली ती भाजीची बाग. हॉलपासून जरा लांब, उतारावर, चारी अंगांनी दोन पुरुष उंच विटांची भिंत आणि आत एक एकरभर काळी माती. दक्षिणेकडे तोंड करून उभ्या भिंतीला लागून द्राक्षांचं काचघर, भिंतीला पंख्यासारखी पसरून बांधलेली पेअर आणि जर्दाळूची झाडं, मधोमध पाणी भरून घ्यायचा गोल हौद. गावात सगळे तिला नुसतं ‘भिंत’ म्हणायचे. “ऑलिव्ह कुठेय?” “भिंतीत असेल.” हॉल होता तेव्हाही असंच म्हणायचे, हॉल गेल्यावरही तसंच.

ऑलिव्ह मूळची खाणकामगारांच्या घरांच्या लायनीतली. बाप खाणीत, भाऊ नेड खाणीत, काका-मामे सगळे खाणीत. ती बागेत लागली याचं कारण एवढंच की सोळा साली बागेतली सगळी तरणी माणसं फ्रान्सला लढाईवर गेली आणि हॉलवाल्यांना भाजी तर रोज लागायची. तेव्हा मुख्य माळी मिस्टर गिलेस्पींनी तोंड वाकडं करून लायनीतल्या चार मुली घेतल्या. लढाई संपली. तिघींनी लग्नं केली. गेलेल्या माणसांतला एकच परत आला, आणि त्याला वाकता येत नव्हतं. ऑलिव्ह राहिली.

गिलेस्पी स्कॉटलंडचे. उंच, हाडकुळे, बोलायला सुरीसारखे. लग्न केलं नाही. उत्तरेकडच्या भिंतीच्या मागे, सावलीत, माळ्यांसाठी बांधलेल्या खोलीत राहायचे. त्याच खोलीला लागून भट्टीचा खड्डा होता. काचघराला ऊब देणारा बॉयलर जमिनीखाली खोल बसवलेला, आणि त्याच्याकडे उतरायला दगडी पायऱ्या. हॉल गेल्यावर गिलेस्पींनी बाग मागून घेतली आणि बाजारासाठी पिकवायला लागले. टोमॅटो, लेट्यूस, आणि शेवंती, ती मुख्यतः पुष्पचक्रांसाठी.

“खाणीच्या गावात फुलं विकायला कष्ट पडत नाहीत,” ते म्हणायचे. हे ते विनोदाने म्हणत नव्हते.

पण त्यांचा जीव होता तो द्राक्षाच्या वेलीत. ते पोरसवदा असताना त्यांच्या आधीच्या माळ्याने लावलेली, माणसाच्या मांडीएवढ्या जाड खोडाची. तिची द्राक्षं हॉलच्या टेबलावर जायची तेव्हा त्यांच्यावरची पांढरी झाक बोटाने पुसली जाऊ नये म्हणून ते देठाला धरून घड न्यायचे. हॉल नव्हता, टेबल नव्हतं, तरी ते देठालाच धरायचे. हिवाळाअखेर वेलीला कोंब फुटायला लागले की बॉयलर दिवसरात्र पेटता ठेवायचा, हा नेम त्यांनी कधी मोडला नाही.

चार्लटनांशी मात्र त्यांचं सूत जमलं नाही. कारण उघड होतं. घराखालचा चौथरा ज्या टोळीने काढला तिच्यात नेड होता. त्या दिवसांत रविवारी जेवताना तो यॉर्कशर पुडिंगवर रस्सा ओतत म्हणाला होता, “या आठवड्यात बाईसाहेबांच्या पलंगाखालून काढला बरं का. मऊ निघाला.” सगळे हसले होते. ऑलिव्हसुद्धा. ती गोष्ट कुणीतरी गिलेस्पींच्या कानावर घातली. त्यानंतर नेड बागेच्या दाराशी आला की गिलेस्पी त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे, आणि ऑलिव्हला म्हणायचे, “तुझी ती घूस आलीय, पोरी.”

भानगड सुरू झाली ती पस्तीस सालच्या हिवाळ्यात. आधी हौदाचं पाणी उतरलं. गिलेस्पी म्हणाले, तळाची चिकणमाती फाटली असेल. दोघांनी मिळून नवीन थापली. पाणी पुन्हा उतरलं. मग उत्तरेच्या भिंतीत, जमिनीपासून हातभर उंचीवर, एक भेग दिसली. तिच्यात ऑलिव्हचं बोट जाईना. नाताळापर्यंत जायला लागलं.

मग पाखरं. एका वादळी सकाळी ती कोळसा आणायला भट्टीच्या खड्ड्यात उतरली तर खालच्या पायरीवर तीन-चार इवलेसे रेन पक्षी मरून पडले होते. थंडीत ते असे उबेला एकत्र गोळा होतात. चोचीला रक्त नाही, पंखाला ओरखडा नाही. तिने एक उचलून तळहातावर घेतला. नुसता झोपल्यासारखा. तिचं डोकं जड झालं, आणि फाटकापर्यंत पळत आल्यासारखा दम लागला. वर आल्यावर बरं वाटलं.

“मांजराने मारले असतील,” गिलेस्पी म्हणाले.

“मांजर मारतं आणि सोडून देतं होय?”

“पोट भरलेलं मांजर सोडून देतं. कामाला लाग.”

त्याच आठवड्यात मांजरही तिथेच सापडलं.

गिलेस्पींच्या खोलीत हॉलच्या दिवाणखान्यातून आणलेलं एक जुनं बॅरोमीटर होतं. घर पाडताना पाडणाऱ्यांनी ते त्यांना देऊन टाकलं होतं. माळ्याला त्याच्या काट्यावरून पाऊस-वारा कळतो. ऑलिव्हच्या हळूहळू लक्षात आलं की काटा वर असेल, आकाश निरभ्र आणि जमीन गोठलेली असेल, तेव्हा खड्ड्यात काही होत नाही. काटा घसरला, वारा उठला, की खाली बॉयलर धुमसतो, काडी ओढली तर पेटते आणि लगेच विझते. अशा सकाळी गिलेस्पींचं डोकं दुखायचं. ते अंथरुणावर उशिरापर्यंत बसून राहायचे, ओठ निळसर. “म्हातारपण,” म्हणायचे.

रविवारी तिने हे घरी सांगितलं. नेडचा सुरीकाटा थांबला.

“काडी विझते? कशी विझते? वाऱ्याने की आपसूक?”

“वारा कुठला तिथे? कुणीतरी चिमटीत धरल्यासारखी विझते.”

नेडने आईकडे बघितलं. आई मात्र ताटातून मान वर न करता हळूच म्हणाली, “मेली हवा.”

आमच्या खाणीत तिला मेली हवा म्हणतात. वास नाही, रंग नाही, धग नाही. ज्या हवेतला जीव निघून गेलाय अशी हवा. जुन्या, सोडून दिलेल्या बोगद्यांत साचून राहते, पाण्यासारखी सखल जागा शोधते. ऑलिव्हचा बाप तिच्यातच गेला होता.

“आम्ही कोळशाच्या नव्या तोंडावर खणत होतो ना,” नेड म्हणाला, “तिथे भिंत फुटून पलीकडे जुनं खणलेलं निघालं. पार पणज्याच्या काळचं. कुणाच्या नकाशात नाही. आम्ही लगेच बंद केलं. पण वरची जमीन बसली असणार, भेगा पडल्या असणार. ते सगळं तुमच्या बागेच्या खालीच आहे, ऑली.”

“मग?”

“मग काय? बाहेरच्या हवेचा दाब उतरला की खालची वर येते. तू उद्यापासून जायचं नाहीस.”

“आणि ते?”

“तो म्हातारा? त्याला सांग.”

“तुझं नाव घेऊन सांगू? मग तर ते मुद्दाम खाली जाऊन झोपतील.”

नेडला हसू आलं नाही. “डॉड भावांचं आठवतंय ना?” त्याने विचारलं. कुणाला आठवत नव्हतं? एक डॉड जुन्या बोगद्यात पडला. दुसरा त्याला काढायला गेला. तिसरा दुसऱ्याला. चौथ्याला लोकांनी धरून ठेवलं म्हणून तो एक राहिला, आणि तो अजून लायनीत कुणाशी बोलत नाही. “कुणी खाली पडला तर तू उतरायचं नाहीस. कोणीही असो. मी असलो तरी. बोल, उतरणार नाहीस म्हणून.”

“उतरणार नाही.”

तिने गिलेस्पींना सांगितलं. ते वेलीची जुनी साल खरवडत होते. हात न थांबवता म्हणाले, “म्हणजे घर घेतलं, आता बाग हवीय.”

“कुणाला हवीय बाग? ते तुमच्या जिवासाठी सांगतायत.”

“माझ्या जिवाची काळजी घुशींनी करू नये.”

खाणीच्या कचेरीत जाऊन सांगावं, असं ऑलिव्हच्या मनात कितीदा आलं. पण सांगितलं असतं तर दुसऱ्याच दिवशी दाराला कुलूप लागलं असतं. आणि ते कुठे गेले असते? स्कॉटलंडात एक बहीण होती, ती कधीच वारली होती. राहता राहिला गरीबखाना, जिथे म्हाताऱ्यांना एकसारखे कपडे घालून बाकावर ओळीने बसवतात. आणि खरं सांगायचं तर ऑलिव्हलाही कुठे जायचं नव्हतं. त्या भिंतीच्या आत तिची वीस वर्षं गेली होती. म्हणून ती गप्प राहिली. नेडने तिला खाणीतला एक जुना दिवा आणून दिला. जाळीतली ज्योत लाल पडून बारीक व्हायला लागली की समजायचं. रोज सकाळी गिलेस्पी उठायच्या आत ती दोरीला बांधून तो खाली सोडायची. ज्योत तरली तर स्वतः उतरून बॉयलर पेटवायची. नाही तरली तर काहीतरी सबब सांगायची. कोळसा ओला आहे. धुराडं तुंबलंय. गिलेस्पी तिच्याकडे रोखून बघायचे. तो हिवाळा असा गेला.

मार्चमध्ये वेलीला कोंब फुटले. गुलाबी, मिटलेले, लवदार. आणि त्याच आठवड्यात काटा घसरायला लागला. गिलेस्पींनी काचेवर टिचकी मारली तर आणखी खाली आला. सकाळी आकाश शिशासारखं होतं, आणि दुपारी बर्फ सुरू झालं. आडवं, डोळ्यांत जाणारं.

लायनीत त्या दिवशी एका मयतीला फुलं पोचवायची होती. ऑलिव्हने तट्टाला, बेसला, गाडी जोडली.

“आज भट्टी पेटवायची नाही,” ती म्हणाली. “मी सकाळी बघितलंय. खाली पोचायच्या आत दिवा विझला. कोंबांवर मी गोणपाट टाकलंय. ऐकताय ना?”

“ऐकतोय.”

“मला वचन द्या.”

“मी तुझा नोकर आहे का, पोरी? जा, प्रेत थांबत नसतं.”

ती गेली. फुलं दिली, चहाला थांबली नाही. परत येताना बर्फाने वाट दिसेना, पण बेसला वाट ठाऊक होती. बागेच्या दारातून तिने काचघराच्या धुराड्याकडे बघितलं. धूर नव्हता. तिला हायसं वाटलं. मग तिचं लक्ष खोलीच्या दाराकडे गेलं. दार सताड उघडं होतं आणि बर्फ आत उडत होतं. खोलीपासून खड्ड्यापर्यंत पावलं उमटलेली होती. परतीची नव्हती.

गिलेस्पी खालच्या पायऱ्यांवर बसलेले होते. भिंतीला डोकं टेकलेलं, मांडीवर काटक्यांची जुडी. तिचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली.

“धरत नाहीये गं विस्तव,” ते म्हणाले.

त्या आवाजानेच ती घाबरली. इतकं मऊ ते तिच्याशी वीस वर्षांत बोलले नव्हते.

“राहू दे विस्तव. उठा आधी. वर या.”

“येतो. बसतो जरा. दमायला झालंय.”

“तिथे बसायचं नाही. उठा!”

“बरं वाटतंय इथे. वारा नाही.”

तिने दिवा पेटवून दोरीने खाली सोडला. ज्योत लाल झाली, काजळली, आणि त्यांच्या खांद्याच्या उंचीला आल्यावर गेली. म्हणजे तोंड तेवढं वर होतं. आणि ते तोंड हळूहळू छातीवर झुकत होतं.

एक पाय तिने पायरीवर टाकला होता. पुढे आयुष्यभर ते तिला कुणी विचारलं की ती कबूल करायची, हो, टाकला होता. मग तिला वचन आठवलं, आणि त्याहूनही जास्त चौथ्या डॉडचा चेहरा आठवला. तिने पाय मागे घेतला.

“मिस्टर गिलेस्पी! अहो! देवासाठी उठा!”

खालून नुसता श्वास, धापा टाकल्यासारखा.

विनवण्या करून उपयोग नव्हता. ऑलिव्ह खड्ड्याच्या काठाशी बर्फात पालथी पडली आणि ओरडली, “बसा मग तिथेच! मी कुऱ्हाड आणते आणि वेल तोडते. आत्ता. मुळापासून.”

डोकं हललं.

“काय म्हणालीस?”

“वेल तोडते म्हटलं. गोणपाट काढून कोंब आधी बर्फात टाकते, मग खोडावर घाव घालते. तुम्ही काय करणार? हॉल आमच्या नेडने खालून पाडला, वेल मी वरून पाडते.”

“तुझी हिंमत...”

“आहे ना हिंमत! घुशीची बहीण आहे मी. वीस वर्षं तुमची बोलणी खाल्ली ती कशासाठी वाटलं? चाललेच मी कुऱ्हाड आणायला.”

“कोळसेवाल्यांची अवलाद!” गिलेस्पींच्या मांडीवरच्या काटक्या खाली पडल्या. ते भिंतीला धरून उठले. “हात... हात लावून तर बघ...”

“इथे येऊन बोला. खालून काय भुंकताय?”

ते चढायला लागले. एक पायरी, थांबले. दुसरी, हातावर आले. डोळे पांढरे, तोंडाला फेस, पण ते तिच्याकडेच बघत होते, आणि त्या नजरेत जे होतं ते ती पुढे कधी विसरली नाही. अर्ध्यावर आल्यावर त्यांचे गुडघे गेले. ते पुढे कोसळले तेव्हा त्यांचा एक हात तिच्या हाताच्या टप्प्यात आला. तिने श्वास छातीत कोंडून अर्धं अंग आत लोंबकळत सोडलं, दिव्याची दोरी सोडून मागे उभ्या गाडीला बांधलेली दोरी त्यांच्या काखेखालून घातली, आणि मागे सरकून बेसला चुचकारलं. घाबरलेलं तट्टू एकदम पुढे गेलं. म्हातारा पायऱ्यांवरून आपटत, खरचटत, बर्फावर आला.

ती त्यांच्या तोंडावर बर्फ चोळत होती, थोबाडीत मारत होती, आणि मोठमोठ्याने रडत होती. बऱ्याच वेळाने त्यांनी ओकारी काढली आणि श्वास ओढला.

खोलीत त्यांना परत नेणं शक्यच नव्हतं. गोणपाटात गुंडाळून तिने त्यांना गाडीत घातलं आणि लायनीत, आपल्या घरी, शेगडीपुढे नेडच्या खुर्चीत आणून बसवलं. नेड पाळीवरून आला, तोंड-हात काळेकुट्ट, नुसते डोळे आणि दात पांढरे. दारातच थबकला.

“ही माझी खुर्ची आहे,” तो म्हणाला.

“माझंही एक घर होतं,” गिलेस्पी खुर्चीतून म्हणाले, “ते तू घेतलंस.”

आईने दोघांच्या मध्ये गरम पाण्याचा टब आणून आदळला. “तू अंघोळ कर. आणि तुम्ही भिंतीकडे बघा. बाकीचं भांडण जेवल्यावर.”

आता लपवून ठेवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. कचेरीतून एक साहेब आला, सज्जन माणूस होता, बराच वेळ दोऱ्या सोडून मोजत राहिला, आणि जाताना टोपी हातात घेऊन म्हणाला की खड्डा बुजवा, खोलीला खिळे ठोका, आणि वादळी दिवशी कुणी आत जाऊ नका. बाग बंद करा असं तो म्हणाला नाही. कदाचित त्याच्याने म्हणवलं नाही. ऑलिव्हने आणि नेडने हॉलच्या ढिगाऱ्यातल्या विटा गाडीने आणून खड्डा भरला. संगमरवराचे तुकडे, नक्षीचे कोपरे, जे हाताला लागेल ते.

गिलेस्पी चार्लटनांकडेच राहिले. पहिले काही आठवडे ते नेडशी बोलले नाहीत. मग नेडच्या परसातले लीक, कांद्याच्या पातीसारखी ती जाड दांड्याची भाजी, त्यांच्या नजरेला पडले. आमच्याकडे खाणकामगार दर शरद ऋतूत लीकची स्पर्धा लावतात आणि त्यापायी भाऊ भावाशी बोलायचा बंद होतो.

“हे लीक आहेत की बुटाच्या नाड्या?” गिलेस्पी म्हणाले.

“मागल्या वर्षी दुसरा आलो होतो!”

“कशात? नाड्यांत?”

तिथून दोघांचं बोलणं सुरू झालं. आई म्हणायची, शांतता होती तेच बरं होतं.

ऑलिव्हशी मात्र त्यांचं पूर्वीसारखं झालं नाही. हवा चांगली असेल त्या दिवशी ती त्यांना गाडीतून बागेत न्यायची. वेल जगली होती. ऊब नसल्याने उशिरा का होईना, तिला घड धरले. जूनमध्ये घडातले बारीक मणी कात्रीने विरळ करायचे असतात. वीस वर्षं ते काम दोघं मिळून करत. त्या वर्षी गिलेस्पींनी कात्री आपल्या खिशात ठेवली. खुर्चीवर बसून एकट्याने करत राहिले. तिने एकदा हात पुढे केला.

“नको,” ते म्हणाले. “तू शेवंतीकडे बघ.”

“मी तोडली नसती हो. तुम्हाला उठवायला म्हटलं मी.”

त्यांनी कात्री खाली घेतली. “आवाज तसा नव्हता,” म्हणाले, आणि पुन्हा घडाकडे वळले.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. कारण तिने स्वतःला विचारून बघितलं होतं, आणि आवाज खरंच तसा नव्हता.

सप्टेंबरात नेड एक दिवस कामावरून आला आणि अंघोळीला न बसता तसाच टेबलाशी टेकला. म्हणाला, “कोळशाचं नवं तोंड आता इकडे वळवलंय.”

“इकडे म्हणजे?” आईने विचारलं.

नेडने बोट खाली केलं. टेबलाकडे, टेबलाखालच्या फरशीकडे.

गिलेस्पींना हसू फुटलं. खोकला येईपर्यंत हसले. “म्हणजे आता तुझ्या पलंगाखालून!” ते म्हणाले. “मऊ निघतोय का रे?” मग त्यांनी आईचं तोंड पाहिलं. त्यांनी खुर्ची नेडच्या जवळ ओढली. “मागच्या बाजूला कोठार आहे, ते जमिनीच्या खाली आहे का?” त्यांनी विचारलं. “असेल तर आजपासून तिथे कुणी जाऊ नका.” त्याच संध्याकाळी त्यांनी आपल्या जुन्या खोलीच्या दाराचे खिळे काढायला लावून आतलं बॅरोमीटर ऑलिव्हकरवी मागवून घेतलं आणि चार्लटनांच्या शेगडीवरच्या भिंतीला स्वतः खिळा ठोकून लावलं. शेजारपाजारचे आधी चेष्टा करायचे. हिवाळा लागला तसे येता-जाता काटा बघून जायला लागले, आणि चेष्टा थांबली.

गिलेस्पींची छाती त्या खड्ड्यातून पुरती बाहेर आलीच नव्हती. ऑक्टोबरअखेर त्यांनी अंथरूण धरलं. एका दुपारी त्यांनी ऑलिव्हला जवळ बोलावलं.

“मला इथे पुरू नका,” ते म्हणाले.

“असं काय बोलताय?”

“इथल्या जमिनीला तळ नाही, पोरी. घर ठेवलं, राहिलं नाही. पाणी ठेवलं, राहिलं नाही. मला कुठे जायचंय खाली? तुझ्या भावाच्या डोक्यावर?” त्यांनी दम घेतला. “मला वर नेऊन ठेव. माझ्या गावी. तिथे खाली दगड आहे.”

त्यांनी कात्रीबद्दल काही म्हटलं नाही. तिनेही विचारलं नाही. दोन दिवसांनी ते गेले.

लायनीतल्या माणसांनी त्यांची पेटी खांद्यावरून स्टेशनात नेली. पुढच्या दोन खांद्यांतला एक नेडचा होता. ऑलिव्ह पेटीबरोबर एकटी उत्तरेला गेली. त्याआधी ती एवढ्या लांब कधी गेली नव्हती. गाडीच्या खिडकीतून समुद्र दिसत होता आणि तिच्या मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेला शेवटचा घड होता, पेटीवर ठेवायला.

टेकडीवरच्या लहानशा दफनभूमीत खोदणारा शिव्या देत होता. हातभर खाली गेला आणि कुदळ दगडावर वाजायला लागली होती.

“माफ करा बाई,” तो घाम पुसत म्हणाला, “फार खोल जाणार नाही असं दिसतंय. खाली सगळा पत्थर आहे. इथे खणायचं म्हणजे जिवाशी खेळ.”

“चालेल,” ऑलिव्ह म्हणाली. “त्यांना तसंच हवं होतं.”

त्याने पुन्हा कुदळ मारली. ती कडेला उभी राहून तो आवाज ऐकत होती. खणखणीत, भरीव, मध्ये कुठेही पोकळ न वाजणारा. सगळं आटोपल्यावरही ती थोडा वेळ टाच आपटून जमीन बघत राहिली. पाद्र्याला वाटलं, बाईंना थंडी वाजतेय. त्याने तिला चहाला बोलावलं.

दुसऱ्या दिवशीच्या गाडीने ती परतली. शेवंती काढायची होती, आणि लायनीत पुन्हा एक मयत होती.